लायकापेक्षा उंदरांनी जास्त शिकवलं: प्राण्यांना ऑर्बिटमध्ये का पाठवतात

प्राणी आणि अंतराळ म्हटलं की सगळ्यांना एकच नाव आठवतं, लायका, सोव्हिएत युनियनने 1957 मध्ये ऑर्बिटमध्ये (पृथ्वीभोवतीच्या कक्षेत) पाठवलेली कुत्री. तिच्या नावाने स्टॅम्प निघाले, पुतळे उभे राहिले, दरवर्षी 3 नोव्हेंबरला सगळीकडे तिचा फोटो फिरतो. पण खरं सांगायचं तर विज्ञानाच्या हिशोबात लायकाच्या फेरीतून फार थोडं हाताला लागलं. ते यान, स्पुटनिक 2, रशियन क्रांतीच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी जेमतेम चार आठवड्यांत घाईघाईत उरकलेलं होतं आणि त्यात परत आणायची सोयच नव्हती, म्हणजे जाणार ती मरायलाच जाणार हे आधीपासून ठरलेलं. उड्डाणाच्या वेळी तिचे ठोके नेहमीच्या जवळजवळ तिप्पट झाले, वजनरहित अवस्थेत गेल्यावर हळूहळू खाली आले, पण जमिनीवरच्या चाचणीत लागायचा त्याच्या तिप्पट वेळ लागला. एवढी माहिती मिळाली आणि मग केबिन तापत गेली, पारा 40 अंशांपर्यंत चढला, काही तासांत खेळ खलास. आणि सोव्हिएत सरकार मात्र जगाला सांगत राहिलं की ती कित्येक दिवस मजेत होती. खरं काय झालं ते 2002 मध्ये ह्युस्टनच्या एका परिषदेत रशियन शास्त्रज्ञानेच सांगितलं, म्हणजे तब्बल 45 वर्षांनी.

या प्रकल्पातले एक मोठे शास्त्रज्ञ ओलेग गाझेन्को 1998 मध्ये जाहीरपणे म्हणाले होते की जसजसे दिवस जातात तसतसं जास्त वाईट वाटतं, त्या कुत्रीचा जीव घेण्याइतकं आपण त्यातून काही शिकलो नाही. स्वतः काम केलेला माणूस असं म्हणतोय म्हटल्यावर आपण आणखी काय बोलणार.

मग प्राण्यांकडून आपण शिकलो कधी? तर जेव्हा ते जिवंत परत यायला लागले तेव्हा.

आधी एक गोष्ट क्लिअर करू कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. स्पेस स्टेशनच्या उंचीवर, साधारण 400 किलोमीटरवर, गुरुत्वाकर्षण संपलेलं नसतं, जमिनीवर आहे त्याच्या जवळपास 90 टक्के तिथेही असतं. तरी सगळं तरंगतं कारण यान आणि त्याच्या आतलं सगळंच सतत पडत असतं, फक्त पुढे जायचा वेग इतका प्रचंड की पडता पडता पृथ्वीचा गोलावा खालून सरकत जातो आणि जमीन काही लागत नाही. आता रॉकेट नुसतं वर सोडून खाली आणलं (अमेरिकेने 1947 पासून आधी माश्या आणि मग माकडं अशीच पाठवली) तर ही अवस्था मिळते काही मिनिटं. त्या काही मिनिटांत कळतं काय तर श्वास चालतो, हृदय बंद पडत नाही, बास. हाडं, स्नायू, रक्त, कानातला तोल सांभाळणारा भाग, यांना बदलायला दिवस लागतात, आठवडे लागतात, म्हणून ऑर्बिट पाहिजे.

19 ऑगस्ट 1960 ला बेल्का आणि स्ट्रेल्का या दोन सोव्हिएत कुत्र्या गेल्या, सोबत ससा, उंदीर, माश्या, रोपं अशी अख्खी वरात होती, आणि एक दिवस फिरून सगळे सुखरूप खाली. स्ट्रेल्काला पुढे सहा पिल्लं झाली आणि त्यातलं एक अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या घरी गेलं हा किस्सा सगळे सांगतात. मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती चौथी प्रदक्षिणा. चौथ्या फेरीत बेल्का बेचैन झाली, पट्ट्यांतून सुटायला धडपडली आणि ओकली. टीव्ही कॅमेऱ्यात ते दिसलं, डॉक्टर मंडळी हादरली, आणि माणसाला पहिल्यांदा पाठवताना एकच फेरी मारायची असा सल्ला त्यांनी दिला. गागारिनने एकच प्रदक्षिणा केली त्यामागे या ओकारीचा मोठा वाटा आहे. आज आपल्याला माहीत आहे की हे साधं स्पेस सिकनेस, निम्म्याहून जास्त अंतराळवीरांना पहिले दोनतीन दिवस होतंच.

कुत्र्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास 1966 चा, वेतेरोक आणि उगोल्योक, 22 दिवस. परत आले ते अगदी वाईट हालतीत. अंगातलं पाणी गेलेलं, स्नायू बारीक झालेले, सूट घासून घासून अंगावरचे केस गेलेले, उभंसुद्धा राहवत नव्हतं. पूर्ववत व्हायला बरेच दिवस लागले. तेव्हा पहिल्यांदा नीट जाणवलं की वर जाऊन जिवंत राहणं हा प्रश्न सुटलाय पण वर राहून शरीर जे सैल सोडतं त्याचं काय करायचं?

हाताला दीड महिना प्लास्टर होतं आणि ते काढल्यावर हात कसा काडीसारखा दिसतो ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे लगेच कळेल. वर अख्खं शरीर तसं होतं. पाय, कंबर, पाठ, जे जे भाग दिवसभर आपलं वजन पेलतात त्यांना एकदम काम उरत नाही आणि शरीर मोठं हिशोबी असतं, न वापरलेल्या वस्तूवर खर्च करत नाही. पोटरीच्या आतला एक स्नायू आहे जो आपण उभे असताना कायम राबत असतो, तो सगळ्यात आधी झिजतो. वजन पेलणाऱ्या हाडांतून महिन्याला एक ते दीड टक्का ऐवज निघून जातो. म्हणून अंतराळवीर रोज दोन दोन तास व्यायाम करतात.

आणि इथेच उंदीर कामाला येतात. अंतराळवीर व्यायाम करतो, गोळ्या घेतो, त्याचं खाणंपिणं ठरलेलं, म्हणजे त्याच्या शरीरात दिसतं ते अंतराळाचा परिणाम वजा उपाय असं मिक्स झालेलं असतं. शिवाय त्याच्या मांडीचं हाड कापून मायक्रोस्कोपखाली तर धरता येत नाही. उंदराच्या बाबतीत दोन्ही अडचणी नाहीत (कटू आहे, पण आहे असं). वर तो जगतो दोनेक वर्षं, त्यामुळे त्याच्या आयुष्यातला एक महिना म्हणजे बराच मोठा तुकडा, माणसाला वर कित्येक वर्षं ठेवून जे दिसेल त्याचा अंदाज तिथे महिन्याभरात येतो. एकाच वंशाचे, जनुकांनी जवळजवळ सारखे असे डझनावारी मिळतात हा अजून एक फायदा, कारण चार अंतराळवीर घेतले तर चौघांच्या चार तऱ्हा.

या कामासाठी सोव्हिएत लोकांनी 1973 मध्ये खास उपग्रहांची मालिका चालू केली, बियॉन. माणूस नसलेला, गागारिनच्या यानासारखाच साधारण सव्वादोन मीटर व्यासाचा गोळा, आत प्राण्यांचे पिंजरे, दोनतीन आठवडे फिरवायचा आणि पॅराशूटने खाली उतरवायचा. मला स्वतःला हा अख्ख्या विषयातला सगळ्यात भारी आणि सगळ्यात कमी चर्चा झालेला भाग वाटतो. 1975 पासून यात अमेरिकन शास्त्रज्ञही होते, ऐन शीतयुद्धात! तिकडे एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेली आणि इकडे सोव्हिएत उपग्रहातून आलेल्या उंदरांच्या हाडांचे नमुने अमेरिकेतल्या लॅबमध्ये.

1977 च्या फेरीत एक झकास प्रयोग झाला. काही उंदीर नुसते तरंगत ठेवले आणि काही उंदरांचे पिंजरे यानातल्याच एका गरगर फिरणाऱ्या यंत्रात लावले, म्हणजे फिरण्यामुळे त्यांच्या पायांवर जमिनीसारखा दाब येईल. साडेअठरा दिवसांनी खाली आणून तपासलं तर फिरवलेल्या उंदरांची हाडं बऱ्यापैकी शाबूत, नुसत्या तरंगलेल्यांची झिजलेली. यातून काय कळलं ते नीट बघा, कारण तोपर्यंत कोणी म्हणू शकत होतं की हाडं झिजतात ती रेडिएशनमुळे, किंवा उड्डाणाच्या धक्क्याने, किंवा कोंडून ठेवल्याच्या ताणाने. पण रेडिएशन दोन्ही गटांना सारखं, धक्का सारखा, कोंडवाडा सारखा. फरक फक्त वजनाचा. म्हणजे गुन्हेगार सापडला.

या तुलनेच्या गटाला कंट्रोल म्हणतात आणि त्याच्याशिवाय हा सगळा खटाटोप पाण्यात. जमिनीवरही एक जोडगट ठेवतात. वर यानात तापमान किती होतं, दमटपणा किती, हवेत कार्बन डायऑक्साइड किती, याची नोंद खाली येत असते, मग तसाच पिंजरा लॅबमध्ये उभा करून तसंच वातावरण त्या उंदरांना द्यायचं, उड्डाणाची थरथर आणि उतरतानाचा दणकासुद्धा यंत्राने द्यायचा. वर यानात एखाद्या दिवशी उकडलं असेल तर खालच्या उंदरांनाही उकडलं पाहिजे. एवढं केल्यावर जो फरक उरतो तो वजन नसल्याचा, असं म्हणता येतं.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते हे, की या सगळ्यात अवघड असतो तो पिंजरा. रॉकेट नाही, पिंजरा. ऑर्बिटमध्ये मेलेल्या प्राण्यांची यादी काढून बसलात तर थेट अंतराळाने मारलेले फारच थोडे सापडतील, बहुतेक कोणत्या ना कोणत्या यंत्रणेने दगा दिल्यामुळे गेले. लायका उष्णतेने. अमेरिकेने 1969 मध्ये बॉनी नावाचं माकड 30 दिवसांसाठी पाठवलं होतं, ते नवव्या दिवशीच खाली आणावं लागलं आणि काही तासांत गेलं, अंगातलं पाणी कमी झालेलं. 1961 मध्ये एनॉस चिंपांझीला शिकवलं होतं की बरोबर दांडा ओढला तर शॉक नाही, पण वर गेल्यावर यंत्र बिघडलं आणि बरोबर उत्तराला पण शॉक बसायला लागला, तरी तो बिचारा शिकवल्याप्रमाणे बरोबरच दांडा ओढत राहिला.

साधा विचार करा. पिंजऱ्यात वाटीत पाणी ठेवता येत नाही, ते गोळा होऊन तरंगत जाणार आणि उंदराच्या नाकावर चिकटलं तर तो त्यात गुदमरणार. दाणे ठेवले तर चुरा हवेत. लेंड्या आणि मूत खाली पडत नाही कारण खाली नावाची दिशाच नाही, म्हणून पंख्याने हवेचा झोत सतत एका बाजूला वाहता ठेवायचा, तो सगळी घाण ओढून जाळीपलीकडे नेतो. पंखा थांबला तर घाण तर राहतेच पण त्याहून वाईट म्हणजे उंदराने सोडलेली हवा त्याच्याच तोंडाभोवती साचते, कारण गरम हवा वर जाते वगैरे प्रकार तिथे होत नाही. खाणं म्हणून पेस्ट देतात, ज्यात पाणी आधीच मिसळलेलं, नळीतून ठरावीक वेळेला थोडी थोडी बाहेर येते. आणि ही पेस्ट खायची सवय उंदरांना महिनोन्महिने आधीपासून लावावी लागते. सोबत कोण राहणार हेही आधी ठरवतात कारण नर उंदीर अनोळखी नराबरोबर ठेवले की मारामाऱ्या.

2013 च्या बियॉन-एम1 मध्ये हे सगळं करूनही फटका बसला. 45 उंदीर, 8 जर्बिल (वाळवंटी उंदरांचा प्रकार), 15 पाली, शिवाय मासे आणि गोगलगायी, 30 दिवस. उतरल्यावर झाकण उघडलं तर जर्बिल एकही जिवंत नाही, त्यांच्या युनिटची यंत्रणा बंद पडली होती. उंदरांपैकी फक्त 16 वाचले, खाणं देणारी यंत्रणा बिघडली हे त्यातलं एक कारण. पाली मात्र ठणठणीत! पालीचं बरं असतं, खाणं कमी लागतं आणि पायाला चिकटायची सोय असल्याने ती भिंत धरून बसते, तरंगतच नाही फारशी. व्हिडिओत एक मजेशीर गोष्ट दिसली, एका पालीच्या गळ्यातला ओळखीचा रंगीत पट्टा सुटून हवेत फिरायला लागला आणि पाली त्याच्याशी चक्क खेळत होत्या, तोंडाने ढकलायच्या, त्यात डोकं घालायच्या. सरपटणारे प्राणी खेळतात की नाही यावर शास्त्रज्ञांचं आधीच एकमत नाही आणि पुरावा मिळाला तो कुठे तर ऑर्बिटमध्ये. आपल्याकडे पाल चुकचुकली की शुभ अशुभ बघतात, तिकडे तिच्यावर रिसर्च पेपर निघाला.

माकडांचा अध्याय संपला 1997 मध्ये. लापिक आणि मुल्तिक ही दोन माकडं बियॉन 11 मधून दोन आठवडे फिरून जिवंत आली, पण दुसऱ्याच दिवशी स्नायूंचा नमुना घेण्यासाठी भूल दिली तेव्हा मुल्तिक गेलं. नुकत्याच वरून परतलेल्या शरीराला भूल देणं धोक्याचं असू शकतं, हे त्या मृत्यूने दाखवलं असं म्हणता येईल, पण अमेरिकेत त्याआधीपासूनच विरोध तापलेला होता आणि नासाने माकडांच्या प्रयोगातून अंग काढून घेतलं. मला विचाराल तर ते बरंच झालं, कारण ज्या प्रश्नांसाठी माकड लागत होतं ते बहुतेक तोवर अंतराळवीरांवरच तपासता येत होते.

आता बरंचसं काम स्पेस स्टेशनवर होतं, तिथे निदान पंखा बंद पडला तर बघायला माणूस असतो. 2016 मध्ये जपानने 12 उंदीर 35 दिवस ठेवले, सहा तरंगते आणि सहा फिरत्या पिंजऱ्यात पूर्ण पृथ्वीएवढ्या वजनावर, आणि बाराच्या बारा जिवंत परत आणले. निकाल 1977 सारखाच पण खूप स्वच्छ. पुढे त्यांनी तेच यंत्र हळू फिरवून चंद्राएवढं, म्हणजे एक षष्ठांश वजन दिलं, तेव्हा पोटरीचा स्नायू बारीक होणं तर थांबलं पण त्याच्या तंतूंची जात बदलायची ती बदललीच. म्हणजे चंद्रावर राहायला जाणाऱ्यांना तिथलं वजन थोडंफार वाचवेल, पूर्ण नाही. ही माहिती दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळालीच नसती, जमिनीवर वजन कमी करून दाखवणारं यंत्र नाही आपल्याकडे. (उंदरांना शेपटीने उचलून मागचे पाय अधांतरी ठेवतात आणि माणसांना डोकं सहा अंश खाली करून आठवडेच्या आठवडे बेडवर झोपवतात, पण ती नक्कल.)

2019 च्या डिसेंबरमध्ये तर 40 उंदीर गेले ज्यातले काही जन्मतःच दुप्पट पिळदार होते, स्नायूंच्या वाढीला ब्रेक लावणारं प्रोटीन त्यांच्यात नव्हतंच. साध्या उंदरांचे काही स्नायू 18 टक्क्यांपर्यंत घटले, पहिलवानांचे जवळजवळ जसेच्या तसे. ज्या साध्या उंदरांना ते प्रोटीन अडवणारं औषध दिलं त्यांचेही स्नायू आणि हाडं टिकली. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटसाठी, म्हाताऱ्या माणसांसाठी असं काही करता येईल का हा त्यातला पुढचा प्रश्न.

उंदीर वर गेल्यावर करतात काय असं कुतूहल असेल तर नासाच्या व्हिडिओत दिसतं की पहिल्या आठवड्यानंतर तरुण उंदीर पिंजऱ्याच्या भिंतींवरून गोल गोल पळायला लागतात, हळूहळू सगळी टोळीच पळते. व्यायाम, मजा, की ताण, ते अजून ठरलेलं नाही.

पिल्लांचा विषय सगळ्यात अर्धवट राहिलेला. 1979 मध्ये सोव्हिएत यानात नर मादी एकत्र ठेवले होते, एकही पिल्लू झालं नाही. 1983 मध्ये गाभण माद्या पाच दिवस फिरवून आणल्या, त्यांना खाली जिवंत पिल्लं झाली. 1998 मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलमधून तान्ही पिल्लं नेली तर निम्म्याच्या आसपास दगावली, कारण आईला चिकटून दूध पिणं वजन असतानाच सोपं असतं. जी वाढली त्यांच्यातल्या काहींना उताणं ठेवलं की पालथं व्हायला नीट जमेना, आणि ते पृथ्वीवर आल्यावरही पूर्ण सुधारलं नाही, म्हणजे चालणं वळणं शिकायचं एक ठरलेलं वय असतं आणि त्या वयात वजन जाणवलंच नाही तर ते राहून जातं. जपानी शास्त्रज्ञांनी सुकवलेलं उंदराचं वीर्य जवळजवळ सहा वर्षं स्टेशनवर ठेवून खाली आणलं आणि त्यातून 168 धडधाकट पिल्लं झाली. आणि 2025 च्या शेवटी चीनच्या चार उंदरांपैकी एकीला पिल्लं झाली तेव्हा अंतराळात गर्भ राहिला अशा बातम्या फिरल्या, तसं काही नाही हां, ते 14 नोव्हेंबरला उतरले आणि पिल्लं झाली 10 डिसेंबरला, उंदराचे दिवस भरतात तीन आठवड्यांत, करा हिशोब.

उरला रेडिएशनचा प्रश्न. स्टेशनला पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचा बराच आडोसा असतो, मंगळाच्या वाटेवर तो नसणार. म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये रशियाने बियॉन-एम2 मुद्दाम ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत सोडला, तिथे कवच पातळ असतं. 75 उंदीर, दीड हजारांवर फळमाश्या, 30 दिवस, आणि उंदरांमध्ये काही मुद्दाम रेडिएशनला नाजूक अशा जातीचे. त्यांची तपासणी होऊन पूर्ण निकाल यायला वेळ लागतो, हाडाचे पातळ काप करून बघणं हे काही दोन दिवसांचं काम नाही.

भारत मोठे प्राणी पाठवणार नाही, गगनयानच्या रिकाम्या फेरीत व्योममित्र ही रोबोट बसणार आहे. शुभांशू शुक्ला 2025 मध्ये स्टेशनवर गेले तेव्हा टार्डिग्रेड नावाचे अर्धा मिलिमीटरचे चिवट जीव मात्र सोबत होते. कल्पना चावलाच्या कोलंबियातही असेच बारीक जंत होते, साधारण एक मिलिमीटरचे, यान तुटून पडल्यावर काही महिन्यांनी टेक्सासमधल्या अवशेषांत त्यांचे डबे सापडले आणि आत जिवंत जंत होते. पुढे गगनयानमध्ये फळमाश्या न्यायचा बेत आहे, त्याचा डबा धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या मदतीने बनलाय, आणि विषय आहे मुतखडा. हाडातून निघालेलं कॅल्शियम लघवीवाटे जातं, वर पाणी पिणं कमी होतं, खडे होतात, आणि मंगळाच्या अर्ध्या वाटेवर कोणाच्या पोटात कळ आली तर दवाखाना कुठून आणणार. माशीलाही मूत्रपिंडासारखं काम करणाऱ्या नळ्या असतात, त्यात खडे होतात, आणि माशी दहा दिवसांत पुढची पिढी देते म्हणून ती निवडली.